ज्याची पिशवी, त्याला विचारा

पंढरपुरात ऐन वैशाखात कुणाची लघवी लाल झाली, तर घरात पहिला शब्द निघतो तो 'उन्हाळी लागली' हा. धने-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा भिजत पडतो, कुणी तरी बार्ली उकळून देतं. दुसरा अंदाज मुतखड्याचा, आणि त्यावर औषध सांगणारेही गल्लोगल्ली असतात. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात राबणाऱ्या माणसांच्या मुलखात हे अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतात. पण उन्हाळी जळजळते आणि खडा माणसाला लोळवतो. लघवीच्या पिशवीचा, म्हणजे मूत्राशयाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा काहीच दुखवत नाही. लघवी एकदा लाल होते आणि मग दोन आठवडे, कधी दोन-तीन महिने अगदी स्वच्छ. त्या स्वच्छ दिवसांचं श्रेय सब्जाला मिळतं आणि गाठ आत वाढत राहते.

बायकांचं आणखी अवघड. हा आजार पुरुषांत तीन-चार पट जास्त दिसतो, त्यामुळे बाईच्या बाबतीत तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. 'इन्फेक्शन आहे' म्हणून गोळ्यांचा एक कोर्स, मग दुसरा, मग तिसरा. पाळी जाण्याच्या वयातली बाई असेल तर रक्त नक्की कुठून आलं याचाच घोळ. म्हणून बायकांत निदान उशिरा होतं आणि ते जास्त पसरलेल्या अवस्थेत होतं. चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही लघवीत न दुखता रक्त दिसलं, एकदाच का होईना, तर तपासणी करायची. सोनोग्राफीत लहान किंवा चपटी गाठ निसटू शकते. त्यामुळे 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' एवढ्यावर न थांबता दुर्बिणीने पिशवी आतून पाहून घ्यावी लागते.

हा रोग येतो कुठून, याचं मोठं उत्तर तंबाखूच्या धुरात आहे. सोलापूर हे विड्या वळणाऱ्या बायकांचं शहर आणि जिल्ह्यात विडी ओढणारे पुरुष ठायी ठायी. विडीचा धूर फुफ्फुसं खातो हे सगळे जाणतात. पण त्या धुरातली रसायनं रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून काढतात आणि मग ती लघवीबरोबर तासन्‌तास पिशवीत साठून राहतात, तिच्या अस्तराला लागून. पाश्चात्त्य देशांत या कर्करोगाचे जवळपास निम्मे रुग्ण धूम्रपानाच्या खाती जातात. दुसरं कारण रंगांचं. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं जाहीर केलं. पुढे बेन्झिडीनसारखी रसायनं त्यामागे असल्याचं सिद्ध झालं आणि भारतातही १९९०च्या दशकात बेन्झिडीनवर आधारलेल्या रंगांवर बंदी आली. चादरी-टॉवेलच्या धंद्यात, डाइंगच्या खात्यात जुन्या काळी ज्यांचे हात रंगात बुडाले, त्यांनी आज डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं, कारण हा रोग वीस-तीस वर्षांनंतरही वर येतो. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोन या गोळीवर याच शंकेपोटी २०१३च्या जूनमध्ये केंद्र सरकारने बंदी घातली होती. पुढच्याच महिन्यात ती उठली, पण वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर. ही गोळी चालू असेल तर कर्करोगाचं निदान झाल्यावर ती बदलून घ्यावी.

कारणांवर मी यापुढे रेंगाळत नाही. निदान झाल्यावर माणसापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

निदान कळलं की घराचे दोन भाग होतात. एका बाजूला ज्यांना ठाऊक आहे ते, दुसऱ्या बाजूला आजारी माणूस. मुलगा डॉक्टरांना केबिनबाहेर गाठतो. "आबांना कॅन्सर म्हणू नका, साधी गाठ आहे म्हणा. ते खचतील." यामागे प्रेमच असतं. पण या आजारात ही लपवाछपवी रुग्णाचं थेट नुकसान करते, असं माझं ठाम मत आहे. याच्या उपचारांत आतड्याचं मूत्राशय, पोटावरची पिशवी, घड्याळ लावून लघवीला जाणं अशा गोष्टी येतात आणि त्या आजारी माणसालाच स्वतःच्या हातांनी रोज कराव्या लागतात, पुढची सगळी वर्षं. मुलगा त्या त्याच्यासाठी करू शकत नाही. दुसरं असं, की हा रोग परतणारा आहे. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून घ्यायची असते. ज्याला 'साधी गाठ होती, निघाली' असं सांगितलंय, तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर जायचं बंद करतो, आणि त्याच्या दृष्टीने त्यात काही चूकही नसते.

कायद्यानेही हा निर्णय रुग्णाचाच आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजांडकोश काढले होते. जिवावर बेतलेलं नसताना, सज्ञान आणि भानावर येऊ शकणाऱ्या रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. उपचार काय आहे, त्याला पर्याय कोणते, धोके कोणते, न केल्यास काय होईल, हे रुग्णाला समजेल असं सांगितलं पाहिजे, हेही त्या निकालात आहे. सही करण्याआधी हे चार प्रश्न विचारायला कुणी संकोच बाळगू नये.

पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया एकाच वेळी तपासही असते आणि उपचारही. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात आणि तुकडे तपासायला पाठवतात. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यात सगळ्यांची नजर 'कॅन्सर' या शब्दावर खिळते, पण पुढचं सगळं ठरतं ते स्नायूविषयीच्या ओळीवर. पिशवीची भिंत थरांची असते. आत पातळ अस्तर, त्याखाली सैल थर, त्याच्या बाहेर जाड स्नायू, मग चरबी. गाठ अस्तरातच असेल तर 'टीए', सैल थरात उतरली असेल तर 'टी१', स्नायूत शिरली असेल तर 'टी२', त्याच्या पलीकडे 'टी३' आणि 'टी४'. 'सीआयएस' असं लिहिलेलं दिसलं तर तो अस्तरावर चपटा पसरलेला पण तापट जातीचा रोग असतो. नुसता वरवरचा म्हणून त्याला हलकं समजू नये. शिवाय 'लो ग्रेड' की 'हाय ग्रेड' हेही पाहायचं.

रिपोर्टात आणखी एक गोष्ट पाहायची: पाठवलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का? तो आलाच नसेल, तर रोग स्नायूत आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी, आणि टी१ असताना तर बहुतेकदा, दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा एकदा खरवडायला सांगतात. इथे नातेवाइकांचा संशय जागा होतो. 'एकदा काढलीय ना, मग परत कशाला? पैसे उकळायला.' तसं नाही. पहिल्या वेळी मागे राहिलेली गाठ दुसऱ्या वेळी सापडणं अगदी नेहमीचं आहे, आणि काहींच्या बाबतीत रोग खोल गेल्याचं तेव्हाच कळतं. ही दुसरी खेप टाळली तर पुढचा निर्णय चुकीच्या माहितीवर होतो.

निदानाच्या वेळी शंभरातल्या सुमारे सत्तर ते पंचाहत्तर रुग्णांचा रोग स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. त्यांची पिशवी वाचते. पण तण उपटलं तरी हरळी जशी बांधाबांधाने पुन्हा फुटते, तशी ही गाठ त्याच पिशवीत दुसऱ्या जागी उगवते. ती उगवू नये आणि खोल जाऊ नये म्हणून जे औषध देतात, ते आपल्या सगळ्यांच्या दंडावर व्रणाच्या रूपात आहे: बीसीजी. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेराँ यांनी १९०८ पासून तेरा वर्षं जिवाणू नरम करत आणून क्षयाची लस बनवली. १९७६ मध्ये कॅनडातले अल्व्हारो मोरालेस यांनी ती थेट मूत्राशयात सोडून पाहिली, अवघ्या नऊ रुग्णांवर. परिणाम इतका चांगला होता, की आज जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही जास्त धोक्याच्या गाठींसाठी पहिलं नाव तिचंच येतं. जगात अनेक ठिकाणी या औषधाचा तुटवडा पडला, कारण ते बनवणारे कारखाने मोजकेच. त्यातला एक आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटचा.

हा उपचार प्रत्यक्षात कसा होतो, ते आधी कळलं की निम्मी भीती जाते. त्या सकाळी पाणी कमी प्यायचं. लघवी करून झोपायचं, बारीक नळी घालून औषध आत सोडतात आणि नळी काढून घेतात. मग साधारण दोन तास लघवी रोखून धरायची. घरी गेल्यावर पहिले सहा तास लघवी बसून करायची, भांड्यात ब्लीचिंगचं पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग पाणी टाकायचं, कारण त्यात जिवंत जिवाणू असतात. आठवड्याला एक असे सहा डोस. त्यानंतर तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी तीन-तीन डोस, जास्त धोका असेल तर तीन वर्षांपर्यंत. जळजळ होते, सारखं जावं लागतं, अंग कसकसतं. त्यामुळे पुष्कळ जण मधेच सोडतात. सोडायचं की नाही हा निर्णय रुग्णाचाच, पण तो डॉक्टरांना सांगून घ्यावा. डोस कमी करता येतो, अंतर वाढवता येतं. लघवीत जंतुसंसर्ग असेल किंवा नळी घालताना रक्त आलं असेल तर त्या दिवशीचा डोस घ्यायचाच नसतो.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. डोसनंतर १०१ अंशांच्या वर ताप गेला, थंडी वाजून आली किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर लगेच दवाखाना गाठायचा. समोर जो डॉक्टर असेल त्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं, की मूत्राशयात बीसीजी सोडलेलं आहे. क्वचित हे जिवाणू रक्तात जातात, आणि ही माहिती नसेल तर गल्लीतला डॉक्टर साध्या तापाचं इंजेक्शन देऊन मोकळा होतो.

पंढरपुरात वेळापत्रकाचा प्रश्न वेगळा असतो. कुंकू-बुक्का, तुळशीमाळा, चुरमुऱ्यांचं दुकान असलेल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न आषाढी-कार्तिकीच्या पंधरवड्यावर उभं असतं, आणि ज्यांच्या वाड्यात दिंड्या उतरतात त्यांच्या घरात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. स्नायूत न गेलेल्या रोगात बीसीजीची सुरुवात आठ-पंधरा दिवस पुढे घेतली तर सहसा बिघडत नाही. ती तारीख आधीच ठरवून घ्यावी. 'आषाढी झाली की बघू' म्हणून गेलेला माणूस पुष्कळदा कार्तिकीनंतर उगवतो, तेवढा उशीर मात्र महागात पडतो.

आता स्नायूत शिरलेल्या रोगाकडे. इथे वाट फुटते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी द्यायला हवा.

जुना, भक्कम अनुभव असलेला मार्ग म्हणजे पिशवी काढून टाकणं. पुरुषांत तिच्याबरोबर प्रोस्टेट जातं, बायकांत बहुधा गर्भाशय. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. पहिल्या नव्वद दिवसांत निम्म्याहून अधिक रुग्णांना लहानमोठी गुंतागुंत होते. ज्या रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया वारंवार होतात तिथे मृत्यूचं प्रमाण कमी राहतं, हे अनेक देशांच्या आकडेवारीतून दिसलेलं आहे. म्हणून शल्यविशारदाला 'वर्षाला अशा किती करता?' असं विचारणं उद्धटपणाचं नाही. शस्त्रक्रियेआधी सिस्प्लॅटिन असलेली केमो देतात. अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की केमोशिवाय पाच वर्षांनी शंभरातले पंचेचाळीस जिवंत असतात, तर केमो दिल्यावर पन्नास. शंभरात पाच जास्त. एखाद्याला हे पाच मोलाचे वाटतील, एखादा म्हणेल एवढ्यासाठी तीन महिने केमो नको. दोघांचंही चूक नाही, पण दोघांनाही तो आकडा सांगितला गेला पाहिजे. सिस्प्लॅटिनसाठी मूत्रपिंडं धड लागतात. ज्यांची मूत्रपिंडं मुतखड्यांनी किंवा गाठीच्या अडथळ्याने आधीच सुजली आहेत, त्यांच्यासाठी हा मार्ग अनेकदा बंद असतो.

पिशवी काढल्यावर लघवी जायची कुठून? एक उपाय १९५०च्या सुमाराचा, युजीन ब्रिकर या अमेरिकी शल्यविशारदाच्या नावाचा. लहान आतड्याचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्याला दोन्ही मूत्रनलिका जोडतात आणि त्याचं दुसरं टोक पोटावर उजव्या बाजूला उघडतात. ते लालसर, ओलसर तोंड म्हणजे स्टोमा. त्याला दुखत नाही. त्यावर चिकटणारी पिशवी लावतात, ती तीन-चार दिवसांनी बदलायची, खालची तोटी उघडून दिवसातून काही वेळा रिकामी करायची आणि रात्री लांब नळीची मोठी पिशवी जोडायची.

स्टोमाची जागा कुठे, हा प्रश्न छोटा वाटतो, पण पुढचं जगणं त्यावर ठरतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नर्स पेनाने खूण करते. रुग्णाला उभं करते, बसवते, वाकायला लावते, कारण झोपल्यावर सपाट दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर वळ्या पडतात आणि वळीत आलेल्या स्टोमावर पिशवी टिकत नाही. आता समजा, रुग्ण धोतर नेसणारा माळकरी आहे आणि कीर्तनात पखवाज वाजवतो. धोतराची गाठ कुठे येते, पखवाज पोटाला कुठे टेकतो, जेवायला तो मांडी घालून बसतो की खुर्चीवर, शौचाला उकिडवा बसतो का? रुग्ण बाई असेल आणि नऊवारी नेसत असेल, तर कासोट्याचा आणि निऱ्यांचा दाब कुठे पडतो? हे प्रश्न मोठ्या शहरातल्या रुग्णालयाला आपणहून सुचतीलच असं नाही. रुग्णाने स्वतःचं धोतर किंवा लुगडं घेऊन जावं, नेसून दाखवावं आणि म्हणावं, खूण इथे नको, दोन बोटं खाली हवी. पाणी भरलेली पिशवी एक दिवस त्या जागी लावून वावरूनही पाहता येतं. ज्याला आजार काय आहे हेच सांगितलेलं नाही, त्याला यातलं काहीच करता येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे पन्नास-साठ सेंटिमीटर आतड्याचं नवं मूत्राशय शिवून ते मूळ वाटेला जोडणं. पोटावर काही दिसत नाही, म्हणून तरुण रुग्णांचा कल इकडे असतो. पण आतड्याला 'लघवी लागली' ही जाणीव नसते. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा गजर लावून, बसून आणि पोटाला ताण देऊन लघवी करायची. पुढे हे अंतर तीन-चार तासांवर जातं. रात्री ओलं होण्याची शक्यता राहते. काहींना, त्यातही बायकांना जास्त, रोज स्वतः नळी घालून पिशवी रिकामी करावी लागते. हात थरथरणाऱ्याला, नजर अधू झालेल्याला, मूत्रपिंडं कमजोर असलेल्याला हा उपाय सुचवत नाहीत.

यातलं कोणतं चांगलं, असं मोघम विचारून उत्तर मिळत नाही. आपल्या दिवसात ते कसं बसेल, हे पाहावं लागतं. एकादशीला पदस्पर्श दर्शनाच्या बारीत दहा-बारा तास उभं राहणारा वारकरी घ्या. नवं मूत्राशय असेल तर त्याला दर तीन-चार तासांनी बारी सोडावी लागेल, कारण ते फार तुडुंब भरू देणं धोक्याचं. पोटावर पिशवी असलेला माणूस पायाला बांधायची जादा पिशवी जोडून निवांत उभा राहू शकतो. चंद्रभागेत स्नान पिशवीसकट करता येतं, चिकट चकती पाण्याने लगेच सुटत नाही. 'अंगाला लघवीची पिशवी लावून देवाच्या पायाशी कसं जायचं?' ही शंका पुष्कळांच्या मनात असते आणि ती ओठांवर येत नाही. घाम, धूळ आणि चिखलाने भरलेले पाय घेऊन आलेल्या लाखोंना ज्या दारात जागा आहे, तिथे ही शंका मनातून काढून टाकावी, असं मी कळकळीने सांगेन. निर्जळी उपवास मात्र दोघांनीही करू नये. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडांवर ताण येतो.

तिसरा मार्ग पिशवी वाचवण्याचा, आणि तो आपल्याकडे रुग्णाला अनेकदा सांगितलाच जात नाही. गाठ शक्य तितकी पूर्ण खरवडायची आणि मग चार ते साडेसहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस शेक, म्हणजे रेडिएशन, सोबत हलकी केमो. ब्रिटनमधल्या ३६० रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला: नुसत्या शेकाने दोन वर्षांनी ५४ टक्के रुग्णांच्या मूत्राशयात आणि आसपास रोग परतलेला नव्हता, केमोची जोड दिल्यावर ६७ टक्के. २०२३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या तीन केंद्रांनी ७२२ रुग्णांची तुलना मांडली. निवडक रुग्णांत पिशवी काढणं आणि वाचवणं यांचे निकाल साधारण सारखे होते. 'निवडक' हा शब्द इथे विसरायचा नाही. गाठ एकच आणि फार मोठी नसावी, दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली नसावीत, चपटा सीआयएस पसरलेला नसावा, पिशवी धड काम करत असावी. पुढे आयुष्यभर दुर्बीण घालून पाहत राहावं लागतं, आणि रोग पुन्हा स्नायूत दिसला तर पिशवी तेव्हा काढावीच लागते.

या दोन मार्गांची खरी तुलना चिठ्ठ्या टाकून करावी, म्हणून ब्रिटनमध्ये 'स्पेअर' नावाची चाचणी आखली होती. ती फसली. जेमतेम ४५ रुग्ण मिळाले आणि त्यातल्याही अनेकांनी वाट्याला आलेला उपचार न घेता दुसरा घेतला. माणसांना आपलं मूत्राशय चिठ्ठीवर सोडायचं नव्हतं. मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही.

काही प्रश्न मुलासमोर किंवा सुनेसमोर विचारता येत नाहीत. पिशवी काढताना पुरुषाच्या ताठरतेच्या नसा दुखावू शकतात, बाईचा योनीमार्ग आखूड होऊ शकतो. काही रुग्णांत नसा वाचवून शस्त्रक्रिया करता येते, पण ते आधी ठरवावं लागतं. म्हणून घरच्यांनी दहा मिनिटं बाहेर थांबावं आणि डॉक्टर-रुग्णाला एकट्याने बोलू द्यावं. ऐंशीच्या घरातल्या, हृदय थकलेल्या आजोबांनी 'मला मोठं ऑपरेशन नको' म्हटलं, तर तोही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. अशा वेळी रक्तस्राव थांबवायला शेकाचे थोडे दिवस देता येतात, वेदना आवरता येतात. आणि रोग शरीरभर पसरलेला असताना नवी, अतिशय महागडी औषधं सुचवली गेली, तर जमीन विकायला काढण्याआधी विचारावं: यातून सरासरी किती महिने वाढतात, आणि किती जणांचे? एनफॉर्टुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीने २०२३ मध्ये अर्ध्या रुग्णांच्या जगण्याचा पल्ला सुमारे १६ महिन्यांवरून साडेएकतीस महिन्यांवर नेल्याचं दिसलं. हे मोठं यश आहे, पण त्याची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे.

आता कुठे जायचं ते. पंढरपूरच्या माणसाला हे सगळं मुंबईतच मिळेल असं वाटतं, पण बार्शी शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथे डॉ. बी. एम. नेने यांनी उभं केलेलं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे आणि १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथून चालते. त्या नोंदणीची माणसं खेडोपाडी हिंडून लोकांशी बोलत राहिली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका लवकरच्या अवस्थेत यायला लागल्या, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. सोलापुरातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कर्करोगाचे उपचार देणारी खासगी रुग्णालयं आहेत. दर तीन महिन्यांची दुर्बीण, बीसीजीचे डोस आणि रोजचा शेक जवळ घ्यावा. पिशवी काढण्यासारखी एकदाच होणारी मोठी शस्त्रक्रिया मात्र जिथे ती रोजच्या सरावात आहे तिथे करावी, मग मुंबई-पुण्याला जावं लागलं तरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. आता तिचं संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे. नोंदणीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून आपला उपचार त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधीच विचारावं. रेल्वेने कुर्डुवाडीमार्गे जायचं झालं तर रुग्णालयाच्या दाखल्यावर कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण भाडेसवलत मिळते, सोबत्याला ७५ टक्के. टाटा रुग्णालयात गेलात तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. ज्या गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, त्यांच्याच नावाने तिथे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात.

दुसरं मत घ्यायला वेळ असतो. स्नायूत गेलेल्या रोगात निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंत तीन महिन्यांहून जास्त गेले तर निकाल बिघडतात, पण दहा-पंधरा दिवस कुणालाही परवडतात, झाडपाल्याच्या काढ्यावर घालवायला मात्र एकही आठवडा परवडत नाही. दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसते रिपोर्ट आणि सीटी स्कॅनची सीडी पुरत नाही. तुकडे जिथे तपासले त्या प्रयोगशाळेतून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत, कारण नवा पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा पाहतो आणि स्नायूविषयीची ओळ कधी कधी तिथे बदलते. अर्जावर रुग्णाची स्वतःची सही लागते. ब्लॉक परत करायचे असतात, म्हणून पोचपावती फाइलीत लावून ठेवावी.